पोपटाचा पोपट

४ मार्च
साहेबांनी आज कंप्लेंट डेस्कवर बोलणारा कॉम्प्युटर आणून बसवला. ग्राहकाने टाइप करायचं, त्याने उत्तर द्यायचं. वॉशिंग मशीन का थरथरते, पाणी का सोडत नाही, सगळं म्हणे त्याला कळतं. कळतं कसलं. माझीच जुनी उत्तरं त्याला पाजली आहेत. माझं उष्टं खाऊन माझ्यापुढेच ढेकर. मी त्याचं नाव पोपट ठेवलं. सूड घेणार.

५ मार्च
साहेब म्हणाले, परीक्षा घेऊ. परीक्षक वेगळ्या खोलीत, स्क्रीनवर दोन खिडक्या, अ आणि ब. एकीत पोपट, एकीत मी. पोपटाने माझ्यासारखं बोलायचं, परीक्षकाने गप्पा मारून माणूस कोण ते ओळखायचं. चुकला तर पोपट बुद्धिमान ठरला, माझं टेबल त्याचं, आणि मी गोडाऊनला, स्पेअर पार्टमध्ये. पोपटाला टेबल कशाला, त्याला बूडच नाही, असं मी ठणकावून विचारलं. मनात.

मोठ्याने एवढंच म्हणालो, परीक्षक म्हणून माझ्या बायकोला बोलवा. वीसेक वर्षांचा संसार आहे. साहेब लगेच हो म्हणाले. फसले.

६ मार्च
खरं तर ही परीक्षाच बिनबुडाची. गोड बोलणं म्हणजे अक्कल असती, तर आमचा इन्शुरन्सवाला आज शास्त्रज्ञ असता. पोपटपंची ती पोपटपंची. पण हे आत्ताच बोललो तर घाबरलो म्हणतील. आधी पोपटाचे दात घशात, मग तत्त्व. (पोपटाला दात नसतात. तरीही.)

९ मार्च
प्लॅन तयार. मशीनला भावना नसतात. म्हणून आपण भावना ओतायच्या, बादलीने. बाथरूममध्ये आरशासमोर प्रॅक्टिस केली. ‘लाडके’ म्हणताना जीभ अडखळते, पण टाइपच करायचंय. हिने दार वाजवून विचारलं, पोट बिघडलंय का.

११ मार्च, सकाळी
आज पोपटाचा पोपट होणार. इस्त्रीचा शर्ट घातला. परीक्षकाला शर्ट दिसणार नाही, हे बसमध्ये लक्षात आलं.

११ मार्च, दुपारी
झाली परीक्षा. मी ब खिडकीत. हिने विचारलं, नळ गळतोय, कधी दुरुस्त करणार. मी लिहिलं, लाडके, आत्ता प्लंबरला फोन लावतो, तुला किती गं त्रास. मग विचारलं, आईच्या वाढदिवसाला काय न्यायचं. मी सासूबाईंवर परिच्छेद लिहिला, सगळा गौरवपर. भिंतीपलीकडून हिचं हसणं ऐकू आलं. आनंदाचं असावं. निकाल उद्या. पोपटालाच गोडाऊनला टांगा, असं साहेबांना सुचवणार आहे.

१२ मार्च
हिने मला मशीन ठरवलं. पहिल्याच उत्तराला.

पोपटाने नळाबद्दल लिहिलं होतं, बघतो. कधी, तर बघू. आईला काय न्यायचं, तर तूच ठरव. ही सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बघतो’ वाचलं आणि खात्रीच पटली, हेच आमचे.

घरी जाब विचारला. तर म्हणे, हुशार कोण ते मला कोणी विचारलंच नाही. नवरा कुठला एवढंच विचारलं. हुशार विचारलं असतं तर ब सांगितलं असतं. म्हणजे मी बुद्धिमान आहे, फक्त माणूस नाही. निम्मा विजय म्हणायला हरकत नाही.

ऑफिसात सगळे म्हणत होते, पोपट झाला. कोणाचा, ते मी विचारलं नाही. झोपताना हिने नळाचं पुन्हा काढलं. बघतो म्हणालो.

१३ मार्च
उट्टं काढायचा मार्ग सापडला, साहेबांचं, हिचं, पोपटाचं, एका दगडात. पोपटाला विचारलं की बोलावंच लागतं. अबोला धरणं त्याच्या बापाला जमणार नाही. रुसणं ही अस्सल मानवी बुद्धी. उद्यापासून अबोला, घरी आणि ऑफिसात. पाया पडत येतील सगळे.

१४ मार्च
अबोला सुरू. साहेबांनी बोलावून विचारलं, गोडाऊनला जायला काही हरकत आहे का. हरकतच हरकत होती, अगदी घशापर्यंत आली होती. पण निश्चय म्हणजे निश्चय. नुसतं रोखून बघत राहिलो. साहेब म्हणाले, मौन म्हणजे संमती. आणि पाठ थोपटली.

१७ मार्च
गोडाऊन. खिडकी नाही. समोर रबरी पट्टे आणि ड्रेन पाइप. बोलायला कोणी येतच नाही, त्यामुळे दिवसभराचा अबोला वाया जातो. आता सगळी भिस्त घरावर. आज ना उद्या ही रडत विचारणार, माझं काय चुकलं.

१९ मार्च
संध्याकाळी ही फोनवर आईशी बोलत होती. विषय माझा होता म्हणून दाराआड थांबलो. आवाज भरून आला होता. म्हटलं, आली वठणीवर.

ही सांगत होती, हल्ली ह्यांचा स्वभाव फार सुधारलाय गं.