वहीत न लिहिलेली फवारणी

३ फेब्रु., मंगळ.
स. ७ ला गावाकडून भावाचा, दत्ताचा फोन. "आक्का, द्राक्षाचा नमुना नापास झाला." परदेशी जाणाऱ्या मालात एक कीटकनाशक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. फवारणीच्या वहीत त्या औषधाचं नावच नाही. वही त्याची बायको सुमन लिहिते, तिचं अक्षर मोत्यासारखं. दोघं म्हणतात, मारलंच नाही. एक्स्पोर्टवाले दहा-बारा दिवसांनी दुसरा नमुना घेणार. तोही नापास, तर वर्षाची बाग इथल्या बाजारात, मिळेल त्या भावाला. तोवर घड वेलीवर पिकत राहणार.

४ फेब्रु., बुध.
पेपरातला माझा शेतीचा स्तंभ पाठवायचा दिवस. दत्ताचा संशय शेजारच्या बाबूतात्यांवर. गेल्या महिन्यात त्यांच्या उसावर ड्रोननं फवारणी झाली, औषध तेच. वाऱ्यानं आपल्या बागेत आलं असणार, म्हणे. पटलं. विषयही ताजा. 'शेजाऱ्याचा ड्रोन, आपली बाग', सातशे शब्द. कुणाचं नाव नाही, गावाचं नाही. सायं. ५.५० ला पाठवला. तात्यांना फोन करायचा राहिला. इतकी वर्षं पेपरातल्या नव्या पोरांना हेच शिकवत आले, आधी दुसऱ्या बाजूला विचारा, आणि

६ फेब्रु., शुक्र.
छापून आलं. दुपारी बाबूतात्या फोनवर.
"नाव न्हाय घातलं म्हणून काय झालं पोरी? शिवारात ड्रोन एकच आलता की. पारावर मला बघून लोकं हात पंख्यावानी फिरवत्यात."
मग स्वतःच म्हणाले,
"ड्रोनवाल्यानं समदं मोबाईलवर पाठवलंय. तारीख, वारं, समदं. ये आन् डोळ्यानं बघ."

८ फेब्रु., रवि.
मोहोळपर्यंत एसटी, पुढं दत्ताच्या गाडीवर. आधी तात्यांकडं. मोबाईलवर पाहिलं. त्या दिवशी वारं आमच्या बागेकडून त्यांच्या उसाकडं होतं. तात्यांनी चहा स्वतः आणून दिला. त्याचंच जास्त लागलं.

मग बागेत. पंपाच्या खोलीत मागच्या बाजूला दोन बाटल्या, एक रिकामी, एक अर्धी. वर हिरवं पान, 'शंभर टक्के जैविक'. आत काय आहे ते कुठंच छापलेलं नाही, परवान्याचा नंबरही नाही.
"सुमन, हे कधी मारलं?"
"ते व्हय? संक्रांतीनंतर दोनदा. टॉनिक हाय वन्सं, मण्यांच्या फुगवणीला."
"वहीत नाही."
"वहीत औषध लिहायचं असतंय की. ह्ये कुटं औषध हाय?"
दत्ता मातीकडं बघत होता. "दुकानदार म्हणला, थ्रिप्सची कीड पण जाते यानं. आन् आक्का, तूच लिहिलं हुतंस दिवाळीत, जैविकाकडं वळा म्हणून."
लिहिलं होतं. बाटली कशी पारखायची ते नव्हतं लिहिलं.

९ फेब्रु., सोम.
अर्धी बाटली तपासायला दिली. आठवडा लागेल. जैविक म्हणून विकायचं आणि गुण यावा म्हणून आत कीटकनाशक घालायचं, असं बऱ्याच दिवसांपासून कानावर होतं. घरातच निघेल असं वाटलं नव्हतं. (अजून निघालेलं नाही. रिपोर्ट येऊ दे.)

११ फेब्रु., बुध.
दत्ताचा फोन. "तात्यांची माफी माग, पण बाटलीचं आठवडाभर थांब. एक्स्पोर्टवाले तुझा स्तंभ वाचतात. वही अपुरी निघाली तर दुसरा नमुना पास होऊनबी माल घेणार न्हाईत."
खरं आहे त्याचं. पण न लिहिलं तर तात्यांवरचा संशय अर्धाच जातो. वारं कुठलं होतं ते लिहिलं, फोन केला नव्हता हेही लिहिलं. बाटलीचा परिच्छेद तीनदा घातला, तीनदा काढला. शेवटी बाटली वगळूनच स्तंभ पाठवला.
रात्री जेवताना सुमनचा फोन. "वन्सं, मी लिवल्या त्या दोनी फवारण्या वहीत. निळ्या पेनानं. वेगळं दिसंल."
"दत्ताला विचारलंस?"
"अक्षर माझं हाय की."

१४ फेब्रु., शनि.
बागेत गेले. नमुना घ्यायला आलेला माणूस वही चाळता चाळता थांबला.
"हे मागाहून लिहिलंय?"
सुमन म्हणाली, "व्हय. टॉनिक म्हणून लिवलं नव्हतं. आता कळलं."
त्यानं पानाचा फोटो काढला. ओळीओळीनं फिरून घड तोडले, पिशवीला सील लावलं. दत्ता त्याच्या मागं मागं, हात पाठीशी बांधून.
बांधावर बाबूतात्या उभे होते. माफी वाचली की नाही, विचारवेना.
गाडी गेल्यावर तेच म्हणाले, "पोरी, ह्या खेपंला नापास झालं तर वारं कुठलं लिहिणार?"
सुमन फसकन हसली. दत्ता नाही हसला.
द्राक्षाचा आणि बाटलीचा, दोन्ही रिपोर्ट बुधवारी. बाटलीवरचा तो परिच्छेद अजून माझ्याकडंच आहे.