कापचागायच्या टेबलावर दिलेलं उत्तर

प्रिय तोगजान,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेशील, म्हणून आधीच सांगते, वाचून मग फाड. चौतीस वर्षं भूमिती शिकवली, पण पेपर न तपासता शून्य मी कुणाला दिलं नाही.

तुझा तो रशियन पोकर मी शिकले. हो, मीच. तुझ्या बापाने ज्यात आयुष्याची माती केली आणि तो गेल्यावर ज्याचे पत्ते वाटायला तू उभी राहिलीस, त्यात आहे तरी काय, हे एकदा बघायचं होतं. तू ती नोकरी धरलीस त्या दिवशी मी तुला दार दाखवलं, त्याला तीन वर्षं झाली. आणि तीन वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो खेळ मला येत नव्हता. न वाचता पुस्तकाला नावं ठेवणाऱ्यांची मला चीड आहे, तुला माहीत आहे.

शिकवायला मिळाला गेन्नादी. पूर्वी कापचागायच्या कॅसिनोंत टेबलांवर देखरेख करायचा, आता अल्माटीत न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत पोरापोरींना पत्ते वाटायला शिकवतो. केसांना कलप, करंगळीत अंगठी. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आपा, ह्याला डोकं नाही लागत, काळीज लागतं." मी म्हटलं, "दोन्ही नसताना तुम्हाला नोकरी कशी मिळाली मग?" पोरं खिदळली. त्यालाही हसू आलं, एवढं मात्र त्याच्या बाजूने लिहिते. तूही त्याच्याच हाताखाली शिकलीस हे त्याने मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. "तोगजानचे हात म्हणजे पाणी होतं पाणी," म्हणाला. मी विषय बदलला.

आणि खेळ तो काय! आपल्याला पाच पानं, वाटणारीला पाच, तिचं एकच उघडं. आपण आधीच पैसे लावलेले. पानं आवडली नाहीत तर पैसे सोडून उठा, नाहीतर आणखी पैसे टाकून पानं बदला, नाहीतर पैसे टाकून सहावं पान घ्या. हे सगळं करून चांगला डाव जमवलात आणि दुप्पट लावलेत, तरी समोरच्या हातात निदान एक्का आणि राजा, किंवा एखादी जोडी तरी निघाली पाहिजे. नाही निघाली तर तिचा डाव धरतच नाहीत, आणि तुमच्या सुंदर पानांच्या बदल्यात चणे-फुटाणे हातावर ठेवून तुमची बोळवण करतात. मग त्यावर तोड काय, तर तुम्हीच पैसे मोजायचे आणि तिचं सगळ्यात मोठं पान काढून तिला एक नवं पान घेऊन द्यायचं, म्हणजे तिचा डाव जमेल आणि मग तुम्ही तिला हरवाल! शत्रूला आपल्या खर्चाने घोड्यावर बसवायचं आणि मग त्याच्याशी लढायचं. तुझा बाप ह्याला बुद्धीचा खेळ म्हणायचा. सातवीतल्या ढ पोरालाही मी हे गणित दोन ओळींत उलगडून दाखवलं असतं. पत्ते कसेही पडोत, शेवटी टेबलच पुढे राहतं. एवढं साधं त्याला वीस वर्षांत दिसलं नाही.

तरी मी शिकले. स्वयंपाकघरात मेणकापडावर दोन हात मांडायचे, एक माझा, एक तुझा. चार महिने तुझ्याशी खेळत होते म्हण ना. चहा गार व्हायचा. कधी कधी तुझ्या बाजूला चांगली पानं आली की बरं वाटायचं, आणि मग मला माझाच राग यायचा.

ऑक्टोबरात एका मंगळवारी दुपारी सायाखातच्या बसस्थानकावरून बस धरली. आजूबाजूला तीच जमात. एक बाई ड्रायव्हरच्या मागे बसून हातातल्या ताइताची चुंबनं घेत होती. एक जण अख्खा रस्ता फोनवर बायकोला सांगत होता की तो दाताच्या डॉक्टरकडे बसलाय. तलावावरून वारा असा सुटला होता की उतरल्या उतरल्या डोक्यावरचा रुमाल उडाला. दारावर पासपोर्ट बघितला. माझं माहेरचं आडनाव, तुझं बापाच्या घरचं, कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. आत उन्हाचा कवडसा नाही, भिंतीला घड्याळ नाही, गालिच्यावर अशी वेलबुट्टी की बघूनच उमासा यावा. फुकटच्या लगमानाच्या शेवया ओरपत पुरुष बसलेले, जणू कुणाच्या लग्नाला आलेत.

तू तिसऱ्या टेबलावर होतीस. मी बसले. तुझे हात थांबले.

मी काय ठरवून आले होते ते आता लिहिते. तू मला ओळख दाखवणार नाहीस, अशी माझी खात्री होती. मी तुझ्यासमोर खेळेन, जिंकेन, आणि एकही शब्द न बोलता तुला दाखवून देईन की तुझा हा धंदा किती हलका आहे. पण तू मान वर केलीस आणि मागे उभ्या असलेल्या करड्या कोटातल्या साहेबाला सरळ म्हणालीस, "नियम आहे म्हणून सांगते. ह्या माझ्या आई आहेत. मला दुसरं टेबल द्या." आवाज जरासुद्धा कापला नाही. तो वाकून मला म्हणाला, "आपा, ही तुमची मुलगी का?"

मी म्हटलं, "नाही. मी हिला ओळखत नाही."

शेजारचा जाडा फिदीफिदी हसला, "घ्या! आता पत्ते वाटणाऱ्याही गिऱ्हाइकांत आई शोधायला लागल्या!" साहेब तुला म्हणाला, "दमली असशील तर तसं सांग, नाती कशाला जोडतेस? वाट." तुझे कान लाल झाले. लहानपणी खोटं न बोलताही कुणी खोटारडी म्हटलं की व्हायचे तसेच. आणि तू वाटलंस.

पुढचं तुला माहीतच आहे. सहाव्या डावात मला तीन राण्या आल्या, दोन पानं बदलली तर नव्व्यांची जोडी आली. तुझ्याकडे एक्का होता, पण राजा नव्हता, जोडीही नव्हती. तू ठरलेलं वाक्य म्हणालीस, "माझ्यासाठी पान घेणार का, आपा?" मी पैसे टाकले. तुझा एक्का गेला, सत्ता आला, सत्त्यांची जोडी झाली, तुझा डाव धरला गेला आणि मी जिंकले. टोकनांचा ढीग माझ्याकडे सरकवताना तू "अभिनंदन" म्हणालीस. मी ढीग उचलला आणि विजयी मुद्रेने निघाले. बसमध्ये ती मुद्रा टिकली नाही.

परवा गेन्नादीचा फोन आला. म्हणाला, "आपा, तुम्ही काय करून बसलात?" कॅमेऱ्यातलं बघून कुणीतरी खोदून काढलं म्हणे, की आपण मायलेकी आहोत. आता म्हणतात की दोघींनी संगनमताने टेबलावरून पैसे काढले. तू त्याच क्षणी खरं सांगितलं होतंस, पण कॅमेऱ्यात आवाज नसतो, आणि तो करड्या कोटाचा शूर पुरुष शपथेवर सांगतो की त्याला कुणी काही बोललंच नाही. जाडा परत आलाच नाही. तुला घरी बसवलंय, आणि ठपका लागला तर ह्या शहरात तुला कुणी पत्त्यांना हात लावू देणार नाही. त्या धंद्यातून तू सुटावीस असं मी तीन वर्षं म्हणत होते. अशी नव्हे.

म्हणून हे पत्र. नोटरीकडून शिक्का मारून घेऊन मी लेखी जबाब केलाय, एक प्रत सोबत आहे. त्यात लिहिलंय की तू खरं बोललीस आणि खोटं मी बोलले, टेबलावरून उठवतील म्हणून थोडं, आणि तीस लोकांसमोर पत्ते वाटणारीची आई व्हायची लाज वाटली म्हणून जास्त. गुरुवारी अकराला त्यांच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर तो जबाब आणि जिंकलेला पैसा दोन्ही ठेवणार आहे, करड्या कोटाला समोर उभा करून. तुझ्या नोकरीबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही, त्या खेळाबद्दल तर आणखी वाईट झालंय. पण तुझ्या बापाने आयुष्यभर हरल्यावर खोटं सांगितलं आणि मी जिंकण्यासाठी सांगितलं. ह्या घरात पत्त्यांच्या टेबलाशी खरं बोललेली तू एकटीच. गुरुवारी मला पुन्हा तेच विचारतील, ही तुमची मुलगी का. तू दाराशी उभी राहिलीस तर बरं होईल. ह्या वेळचं उत्तर तुझ्या कानांनी ऐक.

तुझीच, कुणी विचारो न विचारो,
आई