चाकाखालचं लिंबू

डिंडोली, सुरत. दसरा, १९७४.

अक्षर कसलं आलंय हे!

दुपारी टेम्पोची पूजा केली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. जेवून मग गाडी काढायची, म्हणून ती तशीच राहू दिली. आबा टेम्पोच्या पुढ्यात सावलीला आडवे झाले. आमच्या दारापुढं जरासा उतार आहे. इंजिन बंद, गाडीत कुणी नाही, आणि लिंबू फुटलं! मी उंबऱ्यातून पाहिलं. चाक सावकाश, अगदी सावकाश आबांकडं सरकत होतं. पूजेचा पाट उचलला आणि चाकाखाली कोंबला. आबांची टोपी पाटाला टेकलेली होती.

कालच रमणभाई मिस्त्रींनी हँडब्रेकची केबल काढून ऑइलचा ब्रेक बसवला. ‘एक आंगळीथी खेंचाशे,’ म्हणाले. एका बोटानं ओढला जाणार, म्हणून मी खूश. केबल दोन्ही हातांनी ओढावी लागायची, कुरकुरायची. पण एकदा ओढली की धरून ठेवायची. हे ऑइल कुठून तरी झिरपलं, जोर उतरत गेला, आणि कुणाला पत्ता नाही. लिंबू फुटलं नसतं तर? गाडी निदान गिअरमध्ये का नाही ठेवली मी?

बायको म्हणते, देवीनं लिंबू घेतलं.

आबा झोपलेले नव्हतेच. विचारलं, चाक येताना दिसलं नाही का?

म्हणाले, “दिसनं व्हतं की. माले वाटनं, तू गाडीमा बठेल शे. म्हनीसन मी हालनू नही.”