पहिल्या नंबराचा निबंध

बोरी, ता. जिंतूर
१२ जानेवारी

ती. बायनाअक्कास मुंजाजीचा दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? तुमच्या वालूरकडं तुरी निघाल्या असतील. आमच्याकडं सगळं ठीक. माझी साखर डॉक्टरांच्या मते वाढली आहे, माझ्या मते नाही. फोन सोडून ह्यानं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच, ‘बरं मुंजा, भाकरी टाकायच्या हायेत,’ म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्रात तू मला अडवू शकत नाहीस. (वाचता वाचता उठून गेलीस तरी मला कळणार नाही, एवढं एक आहे.)

तर झालं असं, की रिटायर झाल्यापासून मी घरात बसून कुसुमला स्वयंपाकातल्या चुका सांगत होतो. दीड वर्ष तिनं ऐकून घेतलं. मग इथल्या वाचनालयात दर रविवारी ‘स्वतःविषयी लिहा’ नावाचा वर्ग सुरू झाला, तर मला न विचारता तिनं माझं नाव देऊन टाकलं. मला हसू आलं. चौतीस वर्षं मी पोरांना निबंध शिकवले. पंचक्रोशीत मला निबंधवाले गुरुजी म्हणतात. मला कोण काय शिकवणार? गेलो तर शिकवायला सुकेशनी मॅडम. कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक आहेत, आणि चौथीत माझ्याच विद्यार्थिनी होत्या. मी त्यांना अगं म्हणावं का अहो, ह्यातच पहिला रविवार गेला.

पहिला विषय होता आई. मी वीस मिनिटांत दोन पानं काढली. ‘माझी आई पहाटे उठते, सडासारवण करते, देवाचे नाव घेत आम्हाला उठवते.’ मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘सर, तुमची आई खरंच पहाटे उठायची?’ मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि अडकलो. अक्का, आपल्या मायला दमा होता. ती सगळ्यांत शेवटी उठायची आणि उठल्यावर घटकाभर भिंतीला टेकून श्वास घ्यायची. चूल तू पेटवायचीस. हीच दोन पानं मी हजारभर पोरांकडून पाठ करून घेतली. ज्यांना आई नव्हती, त्यांच्याकडूनही. मॅडम पुढं एवढंच म्हणाल्या, ‘मीही पाठ केलं होतं, सर. माझी आई ऊसतोडीला जायची. ते लिहिलं तर तुम्ही खोडलं होतं.’ हसून म्हणाल्या. नसत्या हसल्या तर मला जरा सोपं गेलं असतं.

मग मी ठरवलं, आता खरंच लिहायचं. सुरुवात जवळच्यापासून म्हणून कुसुमच्या चहावर लिहिलं. भांडी विसळलेलं पाणी आणि तो चहा ह्यांत फरक करायला मला संसाराची पस्तीस वर्षं लागली, वगैरे. वर्गात लोक पोट धरून हसले. त्यात कुसुमची मावसबहीण सुलाबाई बसली होती, हे मी विसरलो. तेव्हापासून मी बसस्टँडवर जाऊन चहा पितो. (तो जास्त वाईट आहे. पण आता बोलून उपयोग नाही.)

आता खरं सांगायचं ते. पाचव्या रविवारी विषय होता, आयुष्याला वळण देणारा दिवस. मी छाती काढून लिहिलं: सातवीत तालुक्याच्या निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, हेडमास्तर घरी आले, बापूंना म्हणाले, ‘ह्या लेकराच्या हाताला लिहिणं हाय, ह्याला जिंतूरला हायस्कुलात घाला,’ आणि एका गरीब घरातला मुलगा मास्तर झाला. टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, ‘सर, त्या निबंधातलं एखादं वाक्य आठवतं का?’

अक्का, मला एकही वाक्य आठवेना. शाल आठवत होती, नारळ आठवत होता, हेडमास्तरांच्या सायकलची घंटी आठवत होती. विषय ‘माझे घर’ होता, निबंध घरून लिहून न्यायचा होता, तेही आठवलं. वाक्य नाही. कारण तू गोठ्यात पालथ्या पाटीवर बसून लिहीत होतीस आणि मी चिंचा खात होतो. संध्याकाळी तू म्हणालीस, ‘नुस्तं उतरून काढ, काना-मात्रा सोडू नको.’ मी सोडला नाही.

मला संभाळायला तुला दोन वर्षं घरी ठेवली, म्हणून आपण एकाच वर्गात होतो. सातवीनंतर दोघांतलं एकच जिंतूरला जाणार, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू त्या दिवशी दोन निबंध लिहिलेस. तुझ्या नावाच्या निबंधाचा नंबरच आला नाही. चांगला तू मला दिलास. हेडमास्तर आले, तेव्हा तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. मी तुझ्याकडं बघितलं नाही. पुढच्या जूनमध्ये मी जिंतूरला गेलो आणि तू रानात.

मी हे उभ्यानं वर्गाला सांगितलं. रिटायर झालेले कंडक्टर सूर्यभानराव शेजारी बसतात. त्यांनी विचारलं, ‘गुरुजी, मंग बाई आता काय लिहायल्यात?’ मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, ‘कधी इचारलं न्हाई?’ मी म्हणालो, न्हाई. आणि खाली बसलो. एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. दर भाऊबीजेला येऊन तुझ्या ताटातलं खाऊन तुझ्याच पोरांना माझ्या पहिल्या नंबराची गोष्ट सांगत होतो. तू वाढत होतीस. एकदा तरी बोलायचं होतंस, अक्का. (तुझ्यावर ढकलत नाही. ढकलतोय बहुतेक. वर्गात असलं लगेच पकडतात.)

माझी चूक झाली. माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून नुसती कळवतो. दाजींना नमस्कार.

तुझा
मुंजा

ता. क. वर्गाचं पुस्तक निघणार आहे. हा विषय लिहून तीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. चारदा बसलो, तिसऱ्या ओळीपुढं जात नाही. ह्या पत्रात मात्र बरं उतरलंय. नक्कल ठेवलेली नाही, तेव्हा वाचून झालं की लगेच परत पाठव.

ता. क. २. पाठवशीलच, तर जाता जाता काना-मात्राही बघ. कुठं वाक्य लांबलं असेल, तर तोडून दे. तुला ते जमतं.

ता. क. ३. वरचे दोन्ही ता. क. कुसुमनं वाचले. वाचून तिनं पत्र माझ्यापुढं ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. खोडणार होतो, पण खोडायची सवय आता सोडायची आहे. पत्र परत पाठवू नकोस. माझा निबंध होणार नाही, असं मॅडमना कळवतो. तू रागावली असशील, तर मात्र फोन करू नकोस. लिहून कळव. कितीही पानं झाली तरी चालतील.