मचाणावरचं गाणं

मुकुटबन
२१ नोव्हेंबर १९५७

तपासणीला तिघीच आल्या. एकीने ताकदीच्या गोळ्या गाईच्या आंबोणात टाकल्या म्हणे. "तिलेई आशक्तपना हाय न, बाई." खूप बोलले तिला. ती गेल्यावर हसले, एकटीच.

दुपारी दवाखान्यामागच्या ज्वारीत कोणी गात होतं, मचाणावर बसून. पाखरं राखणारा माणूस ओरडतो, गोफण फिरवतो. हा आपला खालच्या आवाजात, स्वतःशीच. पाखरं उडायची राहिली असतील. शब्द कळले नाहीत. सुया उकळत ठेवल्या होत्या, पाणी आटलं, भांडं करपलं.

२३ नोव्हें.

दाई गंगूबाईला विचारलं. लहानू त्याचं नाव. तिच्याच वस्तीतला. शेत स्वतःचं, लहानसं. बायको वारली, लेक राजूरच्या कोळसा खाणीत. मागच्या वर्षी सगळ्या वस्तीबरोबर यानेही बुद्धाची दीक्षा घेतली.

"गाते काय थो?" गंगूबाई मलाच विचारते. "मी त कधी आयकलं नाही." जन्म गेला शेजारात!

२ डिसें.

रोज दुपारी मागच्या खिडकीशी. जेवणही तिथेच, उभ्याने. चाल एकच असते. आता वर जाईल असं वाटतं तिथे जात नाही, अलगद खाली बसते. आज रडू आलं. इथे आल्यापासून दोन बाळंतिणी हातात गेल्या, तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं.

प्रेमात पडले आहे मी. झालं, लिहून टाकलं. वय छत्तीस, सरकारी नर्स. माणसाच्या नाही, माणूस कुठे नीट दिसतो, फेटा तेवढा. त्या आवाजाच्या.

९ डिसें.

पाटलीणबाईंना इंजेक्शन, मग चहा. बोलता बोलता सांगून बसले, लहानू काय सुंदर गातो, जवळून ऐकायला मिळालं तर. "हात्त्, बोलावून घेतो न!" म्हणाल्या.

घरी येऊन केस धुतले. कशाला, कोण जाणे.

११ डिसें.

आला नाही. पाटलांचा गडी गेला होता वस्तीत, माझं नाव घेऊन. 'नर्सबाईले गानं आयकाचं हाय, चाल.' गंगूबाईने कपाळावर हात मारला.

"अवो बाई, पाटलाचं बोलावनं आलं का आमच्या लोकायनं डफडं घेऊन जाव, वाजवाव, आंगनातूनच भाकर घेऊन वापस याव. थे सोडलं न आता. तुमी काहून त्याच दारातून हाक मारली?"

मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायला काय झालं होतं? इथल्याच लोकांत राहते ना मी?

१५ डिसें.

चार दिवस गाणं नाही. रॉकेलचा रिकामा डबा बडवतो आता. पाखरं भुर्रकन उडतात. खिडकी लावून घेतली तरी ऐकू येतं. भात केला, तसाच राहिला. बोलायला कोणी नाही हे आधीही होतंच, पण दुपारी तरी...

१८ डिसें.

गेले शेवटी. साडीभर कुसळं. मचाणाखाली उभी राहून म्हटलं, "चुकलं माझं, लहानूभाऊ."

उतरला. वाटला होता त्याहून म्हातारा, पुढचे दात नाहीत.

"आयकाचं होतं त सोता याचं होतं. पाटलाचा मानूस कायले?"

"मला समजलं नाही."

"हं."

मग मागास राहिलेली कोवळी कणसं भाजून हुरडा दिला. मी खाते का ते बघत होता. खाल्ला, बोटं पोळली तरी. गाण्याचं दोघांनीही काढलं नाही.

२० डिसें.

आज परत शेतात गेले तर गायला. माझ्यासाठी. नवा सदरा, घरून खंजिरी आणलेली. बुद्धाचं गाणं, खड्या आवाजात, शब्द न् शब्द स्पष्ट. चांगलंच होतं. मी मान डोलावली, वा म्हटलं. पण ते नव्हतं.

भीत भीत विचारलं, ती दुपारची चाल? "कोनती?" गुणगुणून दाखवली, अर्थात बेसूर. हसला.

"थे गानं नोय, बाई. थे आपलं असंच. कोनी नसलं म्हंजे."

घरी येऊन पडून राहिले. जे तो कोणासाठीच गात नाही तेच मला हवं. हट्ट तरी काय!

२४ डिसें.

परवा ज्वारीची कापणी. मचाण निघणार, आणि लहानू लेकाकडे राजूरला जाणार, बहुधा कायमचा. गंगूबाई सहज बोलून गेली. दवाखाना लवकर लावला न् गेले. शेताच्या बांधावर बसले, त्याच्याकडे पाठ करून.

"मी नाही असं समजून गा, भाऊ."

मचाण करकरलं. मग वरून,

"तुमी त हा न, बाई. नाही कसं समजू?"

मी आहे, हे कितीक वर्षांत मला कोणी म्हणालं नव्हतं. उठवेना. पाखरं ज्वारीवर उतरली, त्याने हाकलली नाहीत. गायलाही नाही. दोघं बसून राहिलो ऊन उतरेपर्यंत.

उद्याचा एक दिवस आहे.