समोर मांडलेली अवजारं

२७ सप्टेंबर, शनिवार

पिठाच्या गिरणीची मोटार. देशमुख डॉक्टरांच्या दवाखान्याचा इन्व्हर्टर. मेहुण्याची, म्हणजे कचरूची, बॅटरीवर चालणारी तीनचाकी. पोरीचा, म्हणजे उत्कर्षाचा, सागवानी पाळणा. आणि खुद्द उत्कर्षाचं अक्षर, पाटीवर हात धरून गिरवून घेतलेलं, जे पाहून तिच्या शाळेतल्या बाई विचारायच्या की क्लास कुठला लावलाय. या पाच गोष्टी मी, वैजनाथ ढोले, पुसदचा, दहावी नापास, माझ्या हातांनी केल्या. कुणी शिकवलं नाही. पुण्यातल्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवतो, कारण इथे सगळे आधी डिग्री विचारतात.

सकाळी ट्रॅव्हल्सने खराडी बायपासला उतरलो. पोरगी रिक्षा घेऊन उभीच होती. तिची कंपनी जवळच आहे, आणि आमची भाड्याची जागाही तिच्या सोसायटीच्या मागच्याच गल्लीत तिने पाहून ठेवलेली. दोन खोल्या, उजेड भरपूर. जिन्यात घरमालकांची पाटी आहे, की इथे चपला काढणाऱ्यांनी त्या परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. बायकोला, विमलला, हसू आवरेना.

दुपारी कसब्यात जाऊन कोरा लॅपटॉप घेतला. नव्या नोकरीत बॅटऱ्यांचे अहवाल त्यावर करायचे आहेत. उत्कर्षा ऑनलाइन घ्या म्हणत होती, पण खोक्याचं सील माझ्यासमोर फुटलं पाहिजे. दुकानदार यज्ञेश्वर नावाचे गृहस्थ. मी बॅटरीचा अहवाल काढून दाखवा म्हणालो तर म्हणाले, अहो, हे पेढे नाहीत, चव घेऊन मग ठरवायला. पण दाखवला. चार्जिंगचे फेरे शून्य. क्षमता शंभर टक्के. मनासारखा माल.

२९ सप्टेंबर, सोमवार

कामावर रुजू झालो. स्कूटरच्या बॅटऱ्या उघडून मेलेले सेल बदलायचे. मुलं चांगली आहेत, इंग्रजी फार फाडतात. त्यांना फेरा म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. वायर लावली की एक फेरा, असा त्यांचा समज. मी सांगितलं, बॅटरी शंभर टक्के वापरून झाली की एक फेरा मोजायचा. आज अर्धी वापरली, उद्या अर्धी, तर दोन दिवसांचा मिळून एक. आणि प्रत्येक फेऱ्याला बॅटरी थोडी झिजते. झिजल्याशिवाय फेरा नाही. साहेबांनीही ऐकलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

अवजारांची पूजा केली. पाटावर मधोमध लॅपटॉप ठेवला, नवा म्हणून. त्याच्यासमोर ताटात अवजारं एका रांगेत, डावीकडून: मोटारीत तार भरायची पक्कड, सोल्डरिंग आयर्न, बॅटरीचे सेल जोडायला जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरपासून मीच बनवलेला स्पॉट वेल्डर, करवत, आणि शेवटी उत्कर्षाची बालपणीची पाटी. ती मी पेटीतच ठेवतो. हळद, कुंकू, झेंडू. ताट नीट मांडलेलं दिसलं आणि हात सवयीने वळला, ताटाभोवती पाणी फिरवलं.

विमल गॅसजवळून धावत आली. म्हणाली, हे काय केलं जी? अवजारं शेजारी मांडतात, देवाच्या बरोबरीनं. समोर ताटात मांडून पाणी फिरवतात तो नैवेद्य असते. मी म्हटलं, बाप्पा, लॅपटॉप काय करवत खाणार आहे? ती हसली नाही.

आजच्या दिवशी अवजाराला हात लावत नाहीत. लॅपटॉपही बंद ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लॅपटॉप पूजेनंतर आज प्रथम उघडला. फेरा एक. दुकानातून आणल्यापासून वायर लावलेली नाही, चालू केलेला नाही. मापनातली चूक असेल. पण क्षमता १०४ टक्के. बॅटरी झिजते, वाढत नाही.

पुसदहून गिरणीवाल्याचा फोन आला. मोटार जळाली, एकोणीस वर्षांनी. तारेचे वेढे किती, तार किती गेजची, ते सांगा म्हणाला, इथला पोरगा भरून देईल. मला आठवेना. मला! शेवटी कामावरची एक जळकी मोटार पुढ्यात घेतली. पक्कड हातात धरली आणि ती कशी धरायची हेच कळेना, जसं डाव्या हाताने जेवायला बसावं. प्रवासाचा शीण म्हणायचा.

६ ऑक्टोबर, सोमवार

फेरे दोन. क्षमता १०९.

डॉक्टरांचा इन्व्हर्टर काल बंद पडला. मी आज सोल्डरिंगचा एकही टाका घालू शकलो नाही. कथील गोळ्या होऊन टेबलावर घरंगळतं. मुलं एकमेकांकडे पाहत होती. एकजण म्हणाला, काका, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चांगलं बोलला, तरी लागलं.

लॅपटॉप घेऊन कसब्यात गेलो. यज्ञेश्वरांनी अहवाल पाहिला, मग बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, ढोले, वाढणारी बॅटरी मी पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही, माल परत करायच्या दहा दिवसांच्या आत आहात तेवढं बरं. मग त्यांनी एक तोड सुचवली. मी नाही म्हणालो. बॅटरीचा दोष बॅटरीवाल्याने दुकानदाराला परत करायचा म्हणजे उद्या काय तोंड दाखवू? मी शोधीन. ते म्हणाले, शोधा, दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तीन. क्षमता ११५.

कचरूची तीनचाकी बाजाराच्या चढावर बंद पडली आणि मागे आली. ब्रेकही धरला नाही. मनगट मोडलं. त्याने स्वतःच फोन केला, हसत होता. म्हणाला, दाजी, तुमची गाडी सात वर्षांत पहिल्यांदा रुसली. सांगा कशी दुरुस्त करू.

ती मी कशी बांधली होती?

मोटार, इन्व्हर्टर, तीनचाकी. पक्कड, आयर्न, वेल्डर. ताटातली रांग. डावीकडून.

११ ऑक्टोबर, शनिवार

मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली. एवढं अजून जमतं. ती टेबलावर एकटी पडलेली, कशालाही न जोडलेली. हात लावला तर कोमट. जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी.

पुन्हा पूजा मांडली. या वेळी सगळं शेजारी. अक्षता वाहिल्या, चुकलं म्हणालो, मोठ्याने. विमल दारात उभी होती. तिला विचारलं, नैवेद्य परत घेता येतो का. ती म्हणाली, दाखवलेला कोणी परत घेते का? आणि रडायला लागली.

कसब्यात गेलो. यज्ञेश्वर म्हणाले, दहा दिवस मंगळवारीच संपले, ढोले. मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरून उभं केलं, पाणी दिलं. पण यंत्राला हात लावला नाही. काउंटरवर ठेवू दिलं नाही. आता ते तुमच्या नावचं आहे म्हणाले.

येताना लॅपटॉप आणि बॅटरी, दोन्ही नदीत टाकलं. पुलावरून. बुडताना पाहिलं.

घरी पाटावर होता. चालू.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चार.

पाळणा निखळला. तो उत्कर्षाच्या घरी कोपऱ्यात उभा असतो, ती त्यात पुस्तकं ठेवते. सकाळी चारी खुंट आपोआप सुटले म्हणाली. बाबा, याल का जोडायला. गेलो. करवत हातात घेतली आणि कुठला दात वर, कुठला — ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, राहू द्या बाबा, चहा घ्या.

एकच उरलं. पाटी.

पाटी फोडू का? फोडली तर तिचं काय होईल? नाही फोडली तर काय होईल ते ठाऊक आहे.

कामावरून काढलं. त्याचं काही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाटी छातीशी धरून बसलोय. विमल भरवते. आकडा चारच. चारच. झाकण मिटून ठेवलं तरी उजेड फटीतून —

उत्कर्षाचा फोन. हसत होती आधी. बँकेत सही जुळत नाही म्हणाली. तीनदा केली, तीनदा वेगळी. मग कंपनीत स्वतःचं नाव लिहून पाहिलं तर उ कुठून सुरू करायचा — बाबा, उ कुठून सुरू करायचा हो?

मी सांगायला गेलो. हवेत बोट फिरवलं. बोट कुठून —

पाटी कोरी. तिच्यावर वीस वर्षांपासून पुसट ग म भ न होतं. गेलं.

१५ ऑक्टोबर

पाच. १३१ टक्के.

तिला फोन केला. उचलला. मी म्हटलं, बेटा, मी. ती म्हणाली, आपण कोण बोलताय?

आपण म्हणाली.

विमलने घेतला फोन. पोरगी तिच्याशी बोलली, आईच म्हणाली तिला. फक्त मी — ज्या हाताने तिचा हात धरला तो हात — तो तिच्याकडून गेला. माझ्याकडूनही जातोय. या ओळी बघ कशा उतरतात. अक्षरं मी तिच्याबरोबरच शिकलो होतो पुन्हा, त्याच पाटीवर. नीट. वळणदार. आता एकेक आठवून —

लवकर लिहिलं पाहिजे. मागे लिहायचं टाळलं ते. लाज वाटली म्हणून.

सहा तारखेला. यज्ञेश्वर म्हणाले. यंत्र इथं ठेवून जा, बिल फाडतो, पुढचं माझं मी पाहतो. तुम्ही मोकळे. पैसे पूर्ण परत. मी नाही म्हटलं. मी. पूर्ण परत देत होते, अठ्ठावन्न हजार चा —