प्रोटॉनचं झाकण

आई, आज मी सांगणार आहे आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. अमरावतीच्या कॉलेजात मी कायम झाले, काल ऑर्डर हातात पडली. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर अकोल्याहून अप-डाऊन केलं, सुट्टीचा पगार नाही आणि दर जूनला पुन्हा नव्याने मुलाखत. ते सगळं संपलं. या वेळीही घेतलं नसतं तर मी शिकवणं सोडणार होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मुलाखतीत पाठ घ्यायला लावला, क्वार्कपासून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कसे बनतात. समोरच्या तज्ज्ञांत एक बाई होत्या, त्यांचा चेहरा आधीच कंटाळलेला. मी खडू घेतला आणि पाठ केलेली सुरुवात पार उडाली. डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर आलं. भुलाबाईची गाणी आटोपली आहेत, तू खिरापतीचा बंद डबा हलवते आहेस आणि गल्लीतल्या पोरी फुटाणे, खोबरं, शेंगदाणे असं काहीबाही ओरडताहेत. तुझी खिरापत ओळखणं म्हणजे महाकठीण काम. मी झाकणाला हात लावला की पाठीत धपाटा आणि वर, "आवाजावरून ओयख, उघडून तं कोनीबी सांगते."

मी तिथूनच सुरू केलं. डबा निदान उघडता तरी येतो, प्रोटॉनचं झाकण उघडतच नाही. म्हणून त्यावर वेगाने इलेक्ट्रॉन मारले, ते कसे उसळतात ते पाहिलं, आणि आत बारीक, टणक काहीतरी आहे हे ओळखलं. दोन अप आणि एक डाऊन क्वार्क मिळून प्रोटॉन, दोन डाऊन आणि एक अप मिळून न्यूट्रॉन. त्या बाई सावरून बसल्या. म्हणाल्या, जोर लावून एक क्वार्क बाहेर ओढला तर?

मी बीएस्सीला असताना तूही पोळ्या लाटता लाटता हेच विचारलं होतंस. मला येईना, मी पुस्तक आपटलं. तू म्हणालीस, "येत नाही तं नाही म्हन. पुस्तकावर काहून राग काढून राहिली?"

आता येत होतं, आई. मी सांगितलं की क्वार्क कितीही लांब ओढला तरी ओढ सैल पडत नाही, आणि आपण लावलेल्या ऊर्जेतूनच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क तयार होतात. सुटा क्वार्क हाती येत नाही, जोडी येते, तिला मेसॉन म्हणतात. बाईंनी मान डोलावली तेव्हाच मला कळलं की मी जिंकले. बाहेर येऊन मी जिन्यात चक्क नाचले.

हा दिवस बघायला तू जिवंत राहिली नाहीस, याचा मग फार राग आला. हे पत्र कुठे टाकणार, राहील असंच. एक मात्र कबूल करते. उत्तराच्या भरात मी त्या बाईंना "अगं आई" म्हणून गेले, आणि ते दुरुस्त केलं नाही.